पाऊण इंची व्हॉल्व्ह

तीन नंबरच्या मशीनने सकाळी पुन्हा दगा दिला होता. फिटर हल्लीसारखाच उशिरा कारखान्यात पाऊल टाकतो न टाकतो तोच भोंग्याने त्याला गाठलं. भोंगा म्हणजे मशीनवरचा माणूस. धुलाईच्या कारखान्यात यंत्रांच्या वर आवाज काढून बोलायची सवय लागली आणि त्याचा गळाच तसा झाला. त्याने कानात सांगितलेलं गुपितही फाटकापर्यंत ऐकू जायचं.

"आलात? या. तुमचं लाडकं लेकरू रुसलंय परत."

"पाणी घेत नाही?"

"टक् वाजतं, पाणी नाही. नुसती धार लागते, मुंगी भिजणार नाही एवढी. साबण तसाच चादरींत, आणि मशीन आपलं पुढे सरकलं पिळायला."

तीन नंबरचं मशीन जुनं होतं. त्याला डोळे नव्हते, फक्त घड्याळ होतं. घड्याळ म्हणालं की शेवटची खळबळणी संपली, की संपली. पाणी आलं की नाही हे ते बघायचं नाही. आणि याच मशीनवर हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या जायच्या.

फिटरने पिशवी खुंटीला अडकवली, मशीनमागे गेला, बटण दाबलं. टक्. पाठोपाठ पाण्याचा खळाळ. व्हॉल्व्ह छान उघडला होता.

"बघ," फिटर म्हणाला.

"तुमच्यासमोर शहाण्यासारखं वागतं हो. सकाळी या ना एकदा, मग कळेल." भोंग्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, म्हणजे शेजारच्या खोलीपर्यंतच जाईल एवढा. "एक बोलू? रागावू नका. सकाळी तुमचा मेहुणा असतो इथे. मशीनमागे. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन. स्टोअरच्या माणसाला मशीनमागे काय काम, मला सांगा."

फिटरने बटण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पण मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच.

स्टोअर आधी त्याची बायको सांभाळायची. लग्नाच्या आधीपासून ती त्या जाळीच्या खिडकीमागे बसायची आणि लग्न झालं तेही त्या खिडकीमुळेच. ती आजारपणात गेली, आणि फिटरनेच मालकाकडे शब्द टाकून तिच्या धाकट्या भावाला तिथे बसवलं. तोवर तो गठ्ठे बांधायच्या खोलीत होता. तिच्या खुर्चीवर परकं कुणी बसलेलं फिटरला बघवलं नसतं.

पण खुर्चीवर बसल्यापासून मेहुणा बदलला. घरी येईनासा झाला. वाटेत भेटला तर "येतो भाऊजी, घाईत आहे" म्हणून सटकायचा. पूर्वी रविवारी त्यांच्याच घरी पडलेला असायचा, ताईच्या हातचं खायला. आता ताई नाही तर भाऊजी कोण? फिटरने स्वतःशी अर्थ लावला होता. दुखणं लवकर दाखवायला हवं होतं, असं तिच्या माहेरचं म्हणणं आहे. तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण न बोलता माणसं किती बोलतात हे फिटरला आता कळायला लागलं होतं.

बायको असताना तीन नंबरला कधी असा रोग नव्हता. ती गेल्यावर काही आठवड्यांत जुना व्हॉल्व्ह गळायला लागला, फिटरने खिडकीवर जाऊन "पाऊण इंची दे" म्हटलं, मेहुण्याने दिला, त्याने बसवला. तेव्हापासून हे सुरू. फिटरने व्हॉल्व्ह उघडणारी विजेची कॉइल बदलली, वायरी तपासल्या. शेवटी व्हॉल्व्हच नवा आणून बसवला. तरी सकाळी दगा, दुपारी शहाणपणा. यंत्र असं वागत नाही. असं माणूस वागतो.

व्हॉल्व्हच्या अलीकडे पाइपवर एक हाताने फिरवायचा कॉक होता. तो सकाळी कुणी थोडा आवळला आणि नंतर सैल केला तर अगदी असंच होईल. म्हणून आदल्या संध्याकाळी निघताना फिटरने कॉकच्या दांडीला काळा दोरा बांधून ठेवला होता. आता त्याने वाकून पाहिलं. दोरा होता तसाच होता, गाठसुद्धा त्याचीच.

दुसऱ्या कुणाला यावरून कळलं असतं की कॉकला हात लागलेला नाही. फिटरला कळलं ते असं, की मेहुणा दोरा सोडून परत बांधण्याइतका पोहोचलेला आहे.

दुपारी मालकाने बोलावलं. मालकाच्या टेबलावर एक चादर होती, घडी मोडलेली.

"हात लाव."

फिटरने हात लावला. चादर बोटांना चिकट लागली.

"हॉस्पिटलने परत पाठवलीय. पेशंटच्या अंगावर पुरळ उठलं. भाजलेला पेशंट आहे तिथे एक, त्याच्या अंगाखाली ही गेली असती तर? तिथली मोठी नर्स फोनवर जे बोलली ते मी तुला सांगू शकत नाही. माझ्या आईनेसुद्धा मला असं झापलं नव्हतं."

"बघतो मालक."

"बघून झालं तुझं. भोंगा काय म्हणतो ते माझ्याही कानावर आलंय. त्याचं बोलणं सगळ्यांच्याच कानावर येतं." मालकाने चादर बाजूला सारली. "तुझा मेहुणा आहे म्हणून मी आजवर गप्प. पण उद्या सकाळी तू मला सांगायचं. त्याचं काम असेल तर तसं सांग, मी त्याला उद्याच घरी पाठवतो. नसेल तर कुणाचं आहे ते सांग. आडून आडून नको."

फिटर बाहेर आला. नाव घ्यायचं म्हणजे तिच्या भावाच्या पोटावर पाय द्यायचा. तिच्या रक्ताचं या गावात एवढं एकच माणूस होतं. तिचं नाक, तिचं मान तिरकी करून बघणं, सगळं त्याच्यात होतं. आणि नाव न घ्यावं तर कुणाच्या तरी भाजलेल्या अंगाखाली साबणाची चादर.

तो स्टोअरच्या खिडकीवर गेला. मेहुणा दचकला आणि काहीतरी टेबलाखाली सारलं.

"काय रे, काय लपवतोस?"

"काही नाही भाऊजी. डबा."

"आत येऊ दे."

"या की. स्टोअर काय माझ्या बापाचं आहे?" हसायचा प्रयत्न होता, पण हसू ओठांपर्यंतच आलं.

आत सगळं चकचकीत झालं होतं. बायकोच्या वेळी व्हॉल्व्हच्या फळीवर चार खण होते आणि चारही खणांत लहानमोठे व्हॉल्व्ह एकत्र कोंबलेले असायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाईला आवराआवरीचं वावडं आहे. आता मेहुण्याने अर्धा इंची एकीकडे, पाऊण इंची एकीकडे, एक इंची एकीकडे अशा रांगा लावल्या होत्या. कवायतीला उभे केल्यासारखे. आणि पाऊण इंचीच्या रांगेत मध्येच जागा रिकामी होती.

"इथले कुठे गेले?"

"असतील... कुणी नेले असतील."

"फिटर मी एकटाच आहे इथे. मी नेले नाहीत."

मेहुणा फडक्याने फळी पुसायला लागला. पुसलेलीच फळी.

"सकाळी तीन नंबरच्या मागे काय करत असतोस?"

"कोण म्हणालं?"

"गाव म्हणतंय."

"भोंगा म्हणजे गाव नव्हे भाऊजी." एवढं बोलून तो पुन्हा फळी पुसायला लागला.

संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा फिटर फाटकाजवळच्या पानटपरीमागे उभा राहिला. स्वतःची त्याला लाज वाटत होती, पण पाय तिथून हलत नव्हते. मेहुणा बाहेर आला. खांद्याला डब्याची पिशवी. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला होता. रिकामा डबा कुणाच्या खांद्यात रुतत नाही.

फिटर अंतर ठेवून मागे निघाला. सायकल दुरुस्तीचं दुकान, मग शिंप्याची गल्ली. मेहुणा भंगारवाल्याच्या दुकानावरून गेला तेव्हा फिटरला वाटलं, आता सापडला. पण तो तिथे थांबला नाही. घरी गेला. एकटाच राहायचा, पहिल्या मजल्यावर, रस्त्याकडे खिडकी असलेल्या एका खोलीत. फिटर जिना चढला. दार नुसतं लोटलेलं होतं. फटीतून त्याने पाहिलं.

टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर व्हॉल्व्ह. काही स्टोअरमधले कोरे, काही भंगाराच्या पेटीतले जुने, कॉइल काढून टाकलेले. मेहुण्याने एक उचलला, तोंडाला लावला आणि गाल फुगवून फुंकर मारली. डोळे बाहेर आले. फुंकर गेली नाही. त्याने तो डावीकडे ठेवला. दुसरा उचलला, फुंकर मारली. ती पलीकडून फुस्सकन निघाली. तो उजवीकडे ठेवला. मग डावीकडच्या ढिगाकडे बघत, लहान मूल गणितापुढे बसतं तसा, डोक्याला हात लावून बसला.

फिटरने दार ढकललं.

"बासरी वाजवतोस काय रे?"

मेहुणा उठून उभाच राहिला. खुर्ची मागे पडली. "भाऊजी, मी विकायला नाही आणले. सकाळी परत नेतो. रोज परत नेतो. आईशप्पथ."

"मग करतोस काय?"

"शिकतोय."

"काय शिकतोयस?"

मेहुण्याने मान खाली घातली. "कुठला कुठला ते. ताईला सगळे ओळखू यायचे. मला नाही येत. मला सगळे सारखेच दिसतात, एकाच आईची लेकरं दिसतात तसे. तुम्ही एवढा शब्द टाकून मला तिच्या जागेवर बसवलंत, आणि मी तुम्हाला कसं सांगू की मला त्यातलं ओ की ठो कळत नाही? म्हणून मी घरी यायचंच बंद केलं. तुम्ही सहज जरी काही विचारलंत तरी पकडला गेलो असतो."

फिटर पडलेली खुर्ची उचलून तिच्यावर बसला. इतके दिवस त्याने ज्या गोष्टीचा एक अर्थ लावला होता, तिचा हा दुसरा अर्थ त्याच्या पचनी पडायला जरा वेळ लागला. पण संशय असा चटकन जागा सोडत नाही.

"आणि सकाळी मशीनमागे?"

"स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं आणि मूठ कानाला. आतलं ऐकू येतं. रोज टक् वाजतो, म्हणजे कॉइल ओढते. पण पुढे काही नाही. मला वाटलं, मी दिलेलाच चुकीचा असेल. पण चुकीचा म्हणजे काय, तेच कळत नव्हतं."

"फुंकर कशाला मारत होतास?"

आता पहिल्यांदा मेहुण्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. "ते ताईने सांगितलं होतं. गठ्ठ्यांच्या खोलीतून मी तिच्याकडे जाऊन बसायचो ना, तेव्हा. ती म्हणायची, व्हॉल्व्ह हातात आला की पहिलं विचारायचं, वीज गेली तर हा काय करेल? कॉइलला वीज नाही म्हणजे व्हॉल्व्ह झोपला. काही झोपेत तोंड बंद ठेवतात. वाफेला असलेच लावायचे, वीज गेली की वाफ बंद. आणि काही झोपेत तोंड उघडं ठेवतात. ते मशीनचं घाण पाणी सोडायला. वीज गेली तरी ड्रम आपोआप रिकामा झाला पाहिजे." तो थांबला. "रागावू नका, पण ती म्हणायची, हा तुझ्या भाऊजींसारखा. झोपले की जबडा उघडा."

फिटरचा हात आपोआप स्वतःच्या जबड्यावर गेला. "असं म्हणायची?"

"आणि घोरून दाखवायची."

"बरं. मग बंदवाले, उघडेवाले तुला कळले. आणखी काय अडलं?"

"फळीवर चार खण होते भाऊजी. बंद आणि उघडे, दोनच झाले. चार कशाला? मी खूप डोकं चालवलं. शेवटी म्हटलं असेल तिचा पसारा, आणि मापाप्रमाणे लावून टाकलं. दिसायला बरं दिसलं. पण मनातून ते चार खण जाईनात."

फिटर टेबलावरच्या ढिगाकडे बघत राहिला. चार खण. तो रोज खिडकीवर जायचा आणि ती व्हॉल्व्ह हातात धरून ठेवायची, सहज सोडायची नाही. "अहो फिटर, कुठे लावताय?" असं विचारायची. तो म्हणायचा, दे ना, घाई आहे. ती म्हणायची, पंपाच्या लाइनवर की टाकीच्या? दाब नसला तर चालायला हवा का? तो म्हणायचा, तूच बघ बाई. आणि ती बघायची. मग दुसऱ्याच खणातला काढून द्यायची आणि वर म्हणायची...

त्याने डावीकडच्या ढिगातला एक पाऊण इंची उचलला. "स्क्रूड्रायव्हर दे."

चार स्क्रू काढून त्याने झाकण उचललं. आत रबराचा गोल पडदा होता. तो त्याने बल्बसमोर धरला. कडेला सुईने टोचल्यासारखं एक भोक होतं, त्यातून उजेडाचा ठिपका दिसत होता.

"हे बघ. या भोकातून पाणी पडद्याच्या वर चढतं आणि त्याला दाबून धरतं. कॉइल बिचारी एवढंच करते, वरचं पाणी निघून जायला बारीक वाट उघडते. टक् वाजतं ते त्याचं. पण पडदा उचलायचं खरं काम खालच्या पाण्याचं. त्याने रेटा दिला तर पडदा उठणार. रेटाच नसेल तर बसला आपला ढिम्म."

मग त्याने दुसरा उघडला. याची कॉइल जाडजूड, आतलं तोंड मात्र बारीक. त्यात पडदा नव्हताच. दांडी थेट तोंडावर टेकलेली. "आणि हा. कॉइल दांडीला धरून स्वतः उचलते. दाब असो नसो. पाणी सावकाश येतं, पण येतं."

"बाहेरून तर दोन्ही पाऊण इंची. दोन्ही बंदवाले."

"म्हणून चार खण. बंदवाले या दोन जातींचे, उघडेवालेही या दोन जातींचे." फिटरने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. "तुला ही दुसरी गोष्ट ती का बोलली नाही माहीत आहे? हा पडद्याचा व्हॉल्व्ह मला देताना ती म्हणायची, हा माझ्या भावासारखा. खालून कुणी रेटा दिल्याशिवाय उठत नाही."

मेहुणा बघत राहिला. मग तो जो हसला तो थेट ताईसारखा, मान तिरकी करून. हसता हसता तोंड फिरवून खिडकीकडे गेला आणि बराच वेळ रस्त्यावर काहीतरी बघत राहिला. तिने दोघांची चेष्टा दोघांकडे वाटून ठेवली होती. एकमेकांशी बोलले असते तर चारही खण कधीच भरले असते.

"पण सकाळीच का अडतो?" खिडकीजवळूनच मेहुण्याने विचारलं.

हे फिटरला बोलता बोलताच उमगलं होतं. तीन नंबरचं शेवटचं पाणी पंपाचं नव्हतं. ते छतावरच्या, क्षार काढलेल्या मऊ पाण्याच्या टाकीतून नुसतं उतारावर यायचं, आणि त्याच टाकीतून बॉयलरही भरायचा. सकाळी बॉयलर भरायला लागला की टाकी खाली जायची, पाइपातला होता नव्हता तो दाबही जायचा. दुपारपर्यंत टाकी भरलेली, रेटा पुरेसा. फिटर स्वतः उशिरा येणार, तोवर मशीन शहाणं झालेलं. कुणी कॉक फिरवत नव्हतं. दोऱ्याची गाठ पहिल्यापासून खरं बोलत होती.

"तू सकाळी मला उठवायला येशील?" फिटर म्हणाला. "लवकर जायला हवं. मला जाग येत नाही हल्ली."

सकाळी बॉयलर भरत असतानाच त्यांनी तीन नंबर चालू केलं. टक्. मुंगी न भिजण्याइतकी धार. मेहुण्याने मूठ कानाला लावून ऐकलं आणि मान हलवली. मग फिटरने पाणी बंद करून व्हॉल्व्ह काढला, स्क्रू सोडले आणि पडद्याचं भोक भोंग्याला दाखवलं.

"एवढ्याशा भोकाने?" भोंगा ओरडला. इस्त्रीवाल्या बायकांनी माना वर केल्या. "आणि मी तुमच्या मेहुण्याला..."

"बोल, बोल. आता हेही गावभर कर."

जाड कॉइलचा बसवला. टक्. पाणी आलं. खळाळून नाही, पण सरळ, न थांबता. पाणी सावकाश येतं म्हणून फिटरने मशीनच्या घड्याळात खळबळणीची वेळ वाढवली, आणि ड्रम भरेपर्यंत तिथून हलला नाही.

मालक आला तोवर चादरींची पहिली खेप बाहेर निघत होती. "बोल. कुणाचं काम?"

मेहुणा दोन पावलं मागे उभा होता. हातातला स्क्रूड्रायव्हर त्याने पाठीमागे धरला होता.

"व्हॉल्व्ह मी बसवला मालक. दोन्ही वेळेला मीच."

"आणि दिला कुणी?"

"मी पाऊण इंची मागितला. त्याने पाऊण इंची दिला. कुठे लावायचाय, कसला हवा, हे मी सांगितलंच नाही. ते कधी सांगावं लागायचं नाही मला."

मालकाने स्टोअरकडे पाहिलं. खिडकीमागे आधी कोण बसायचं हे त्यालाही माहीत होतं. "मग आता काढू कुणाला?"

"पडद्याचा व्हॉल्व्ह काढलाय. तेवढं पुरे."

मालकाने चादर नाकाशी नेली, बोटांत चोळली, परत नाकाशी नेली. समाधान झालं तरी त्याला तसं दाखवायचं नव्हतं. "महिनाभर हॉस्पिटलचा प्रत्येक गठ्ठा तुम्ही दोघांनी हुंगल्याशिवाय बाहेर जाणार नाही. आणि त्या नर्सचा पुढचा फोन तू घ्यायचा."

दुपारी एक नंबरचं मशीन घाण पाणी धरून बसलं. फिटर घाईघाईने खिडकीवर गेला आणि जाळीतून हात आत घातला. "एक इंची दे रे."

आत फळीवर परत चार खण झाले होते, लहानमोठे एकत्र कोंबलेले. मेहुण्याने एक व्हॉल्व्ह उचलला, पण हातातच ठेवला.

"कुठे लावताय भाऊजी?"

"दे ना, घाई आहे. पाणी तुंबलंय."

"वीज गेली तर काय व्हायला हवं?"

"अरे..."

"आणि दाब किती मिळणार? खाली नुसतं ड्रमचं पाणी. मी नाही देणार. ताई द्यायची नाही."

फिटरने हात मागे घेतला. तूच बघ, हे शब्द ओठांवर आले होते. त्याने खिशातून चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, डोळ्यांवर चढवला.

"इकडे उजेडात धर," तो म्हणाला. "व्हॉल्व्हच्या पाटीवर काय लिहिलंय ते वाचू दे मला."